कुरळ्या केसांचा कुत्रा: आधी कंगवा, मग पाणी
(कर्जत-खालापूर पट्ट्यात घरपोच ग्रूमिंग शिकणाऱ्यांसाठी धडा)



हात कसा चालवायचा ते व्हिडिओत दाखवलं आहे. इथे त्यामागची कारणं, कामाचा क्रम आणि पैशांचा हिशेब लिहून देतो, म्हणजे काम करताना मोबाईल बाजूला उघडा ठेवून वाचता येईल. हा धडा दोघांसाठी आहे. एक, ज्यांच्या घरी पूडल, बिशॉन, कॉकापू किंवा लॅब्राडूडल आहे ते. दोन, कर्जत, नेरळ, चौक, खोपोली, खालापूर या भागात घरपोच ग्रूमिंगची सेवा सुरू करू पाहणारे. कुत्र्याच्या अंगावर करायचं काम दोघांचं सारखंच. फरक एवढाच की दुसऱ्याला त्यातून घर चालवायचं आहे.

कुरळा केस वेगळा का?

आपल्याकडचा गावठी कुत्रा किंवा कारवानी बघा. अंगासरशी आखूड केस. गळालेला केस खाली पडतो, पाऊस पडला तर अंग झटकून मोकळा. त्यामुळे कुत्र्याला कंगवा लावायची सवय आपल्याकडे फारशी कुणालाच नाही.

पूडलच्या जातीचं तसं नाही. त्याचा केस माणसाच्या केसासारखा वाढतच राहतो. गळालेला केस जमिनीवर न पडता शेजारच्या कुरळ्या केसात अडकून बसतो. म्हणून लोक कौतुकाने म्हणतात, "हा कुत्रा घरात केस गाळत नाही." गाळतो, पण स्वतःच्याच अंगावर गाळतो. त्या अडकलेल्या केसांना घर्षण आणि ओल मिळाली की गुंता होतो, गुंत्याची जट होते आणि जटा एकमेकींत मिसळल्या की घोंगडीसारखा थर तयार होतो. खालच्या कातडीला हवा लागत नाही, ओल सुकत नाही. कुत्रा प्रत्येक पावलाला कातडी ओढल्यासारखा चालतो. मालकाला मात्र वरून गुबगुबीत दिसतो.

पूडल मुळात पाण्यातून शिकार उचलून आणणारा कुत्रा. त्याचं नावच पाण्यात डुंबण्याच्या जर्मन शब्दावरून आलं आहे. पोहताना अंग जड होऊ नये म्हणून मागचे केस कापायचे आणि छाती नि सांधे उबेत राहावेत म्हणून तिथले ठेवायचे. त्याची ती प्रसिद्ध फुगेदार कटिंग मुळात कामासाठी होती, नखरा नंतर आला. तेव्हा केस कापणं हा या कुत्र्यासाठी शौक नाही, देखभालीचाच भाग आहे.

आपल्या भागात गुंता जास्त का होतो?

कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवेतच एवढी ओल असते की कपडे वाळत नाहीत, मग कुत्र्याचे केस कसे वाळणार? पाऊस संपला तरी सुटका नाही. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज नदीला आणि खोपोलीच्या वीजकेंद्रामुळे पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असतं. फार्महाऊसवर आलेला कुत्रा मे महिन्यातसुद्धा नदीत उतरतो.

ऑक्टोबरपासून गवत वाळतं आणि कुसळं, आघाडा यांचा हंगाम सुरू होतो. आघाड्याचं बी केसांना चिकटतं आणि त्याभोवती जट धरते. कुसळाचं टोक तर बोटांच्या बेचक्यातून किंवा कानातून आत शिरतं. गोचीड बारमाही असतो, पण उन्हाळ्यात आणि पावसाच्या दोन्ही कडांना जास्त सापडतो. कुरळ्या केसात तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच लागतो.

यात भर म्हणजे शनिवार-रविवारचं वेळापत्रक. मुंबई-पुण्याचं कुटुंब शुक्रवारी रात्री येतं. कुत्रा दोन दिवस गवतात, चिखलात, पाण्यात. रविवारी संध्याकाळी ओलसर कुत्रा गाडीत बसतो, पट्टा गळ्यात घट्ट, घरी पोचेपर्यंत तसाच झोपतो. पुढच्या आठवड्यात कानामागे आणि पट्ट्याखाली जटा तयार. हे लक्षात ठेवा, धंद्याच्या हिशेबात याचा उपयोग होणार आहे.

सामान

- स्लिकर ब्रश, बारीक वाकड्या तारांचा
- स्टीलचा कंगवा, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात
- क्लिपर आणि ब्लेड. 10 नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं, 7एफ तीनच्या आसपास, 4एफ साधारण साडेनऊ. सुरुवातीला 10 आणि 4एफ पुरे
- गोल टोकाची छोटी कात्री
- ड्रायर, ज्यात गार हवेची सोय आहे
- कुत्र्यांचा शांपू आणि कंडिशनर. माणसाचा शांपू नको, कुत्र्याच्या कातडीचा आम्ल-अल्क समतोल आपल्यापेक्षा वेगळा असतो
- कॉर्नफ्लोर, कापूस, गोचीड काढायचा बारीक चिमटा, स्पिरिटची छोटी बाटली
- पाय घसरणार नाही अशी रबरी चटई

टेबल नसेल तर ओट्यावर चटई टाकून काम होतं. पण कुत्र्याला उंचावर एकटं सोडून एक क्षणही हलायचं नाही. एक हात कायम त्याच्या अंगावर.

कामाचा क्रम

1. आधी तपासणी. कोरड्या कुत्र्यावर दहाही बोटं मुळापर्यंत फिरवा. कानामागे, बगलेत, मांडीच्या आत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी आणि बोटांच्या बेचक्यात. जटा नव्वद टक्के इथेच भेटतात असं समजून चला. लाली, जखम, वास, गाठ दिसली तर मालकाला तेव्हाच दाखवा आणि फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर दाखवलेली जखम तुमच्या नावावर लागते.

गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, बोटाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. रॉकेल, फिनेल, उदबत्तीचा चटका हे प्रकार पूर्ण बंद. गोचीड सापडलेल्या कुत्र्याला नंतर ताप, सुस्ती, खाणं बंद किंवा नाकातून रक्त असं काही झालं तर लगेच डॉक्टर, हे मालकाला सांगून ठेवा. गोचीडतापात उशीर जिवावर बेततो.

2. मग कंगवा. या धड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: विंचरल्याशिवाय पाणी लावायचं नाही. जट भिजली की आवळते आणि वाळताना दगडासारखी होते. "आधी अंघोळ घालू, मग सोडवू" असं करणाऱ्याचा पुढचा तास वाया जातो आणि कुत्र्याला दुखतं ते वेगळंच.

विंचरायचं ओळीओळीने. पायाच्या खालून सुरुवात. एका हाताने केस वर दाबून धरा, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेवरचे केस ब्रशने खाली आणा. मग अर्धा इंच वर, पुन्हा तेच. भात लावताना कसं एकेक ओळ लावत जातो, तसं. वरवर ब्रश फिरवला तर वरचे केस फुलतात आणि मुळाशी गुंता तसाच राहतो. घरच्या ग्रूमिंगमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

ब्रश झाला की स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत घाला. न अडकता गेला तर तो भाग पास. अडकला तर पुन्हा ब्रश. ब्रशवर विश्वास ठेवायचा नाही, कंगव्यावर ठेवायचा.

3. जटा. छोट्या जटेवर कॉर्नफ्लोर भुरभुरा, बोटांनी फोडून तिचे दोन-तीन भाग करा. मग जटेच्या मुळाशी केस घट्ट धरून टोकाकडून सोडवत या, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. एका जागी दोन-तीन मिनिटांच्या वर नाही. सगळ्या कुत्र्याच्या जटा सोडवायला मिळून दहा-पंधरा मिनिटांची मर्यादा ठेवा. त्याच्या पलीकडे तो कुत्र्याचा छळ होतो.

जट कातडीला चिकटलेली असेल तर ती कापायची, आणि ती फक्त क्लिपरला 10 नंबरचं ब्लेड लावून. ब्लेड कातडीला समांतर ठेवून जटेखालून सरकवायचं. कात्री कधीही नाही. जटेत कातडी ओढली जाऊन वर आलेली असते, ती केसांत दिसत नाही आणि कात्रीत येते. एका सेकंदात टाके घालायची वेळ येते.

कानावरची जट काढल्यावर आणखी एक काळजी. बरेच दिवस दाबलेलं रक्त एकदम मोकळं होतं, कुत्रा कान झटकत राहतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळू शकतं. कान झटकायला लागला तर अंगाला मऊ कपडा गुंडाळून डोक्यासकट कान हलकेच बांधा आणि डॉक्टरांना फोन करा.

4. अंघोळ. कोमट पाणी, शांपू पाण्यात पातळ करून. गोल गोल चोळायचं नाही, केसांच्या दिशेने दाबत न्यायचं. कानात कापूस ठेवा आणि शेवटी आठवणीने काढा. शांपू पूर्ण निघाला की कंडिशनर, आणि पुन्हा स्वच्छ धुणं. बोटांत बुळबुळीतपणा लागतोय तोवर पाणी थांबवू नका, राहिलेला शांपू खाज आणतो.

5. वाळवणं. टॉवेलने दाबा, घासू नका. मग एका हातात ड्रायर, दुसऱ्या हातात ब्रश. हवा जिथे पडते तिथेच ब्रश चालला पाहिजे, म्हणजे केस सरळ होत वाळतो आणि कापणी सारखी येते. आपली बोटं ड्रायरसमोर कुत्र्याच्या अंगावर ठेवा. तुम्हाला चटका लागला तर त्याला नक्की लागतोय. कर्जतच्या उन्हाळ्यात तर गार हवाच वापरा. धाप वाढली, जीभ गडद लाल झाली की थांबा, सावलीत पंख्याखाली घ्या, पाणी द्या.

पावसाळ्यात एक व्यावहारिक गोष्ट. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि घरचा इन्व्हर्टर मोठा ड्रायर ओढत नाही. म्हणून पावसाळ्यात वीज आहे याची खात्री झाल्यावरच कुत्रा भिजवा, आणि कोरडे टॉवेल नेहमीपेक्षा दुप्पट न्या. अर्धवट ओला सोडण्यापेक्षा फक्त विंचरून परत येणं बरं.

6. कापणी. घरच्या माणसाने तीनच जागा कराव्यात: डोळ्यांसमोरचे केस, तळपायाच्या गादीमधले केस आणि शेपटीखालची स्वच्छता. अंगाला 4एफ ब्लेड केसांच्या दिशेने फिरवलं की साधी, सारखी कापणी होते. ब्लेड दर दोन-तीन मिनिटांनी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. तापलं की बदला किंवा थंड होऊ द्या. "उकडतंय, पूर्ण भादरून टाका" असं कुणी म्हणालं तरी निरोगी कुत्र्याला कातडीपर्यंत भादरू नका, ऊन थेट लागतं. सेंटीमीटरभर केस असू द्या. आणि हो, लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की अशा दुहेरी केसांच्या कुत्र्यांना हा धडा लागू नाही, त्यांना मशीन लावायचंच नाही.

7. नखं, कान. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून भाताच्या दाण्याएवढाच तुकडा, पुन्हा बघायचं, पुन्हा तेवढाच. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोर दाबून धरा. कानातले केस सरसकट उपटू नका. कानाला वास किंवा स्राव असेल तर ते काम डॉक्टरांचं.

रोजचं काम कोण करणार?

वर लिहिलेलं पूर्ण ग्रूमिंग चार ते सहा आठवड्यांतून एकदा. पण मधल्या दिवसांत एक दिवसाआड दहा मिनिटं कंगवा फिरला नाही तर प्रत्येक वेळी तुम्ही जटाच कापत बसाल. पिल्लू आठ-नऊ महिन्यांचं झाल्यापासून पुढचे काही महिने तर रोज लागतो, कारण पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येत असतात आणि दोन्ही एकमेकांत अडकतात.

ज्यांचा कुत्रा कायम फार्महाऊसवर असतो, तिथे हे काम शहरातले मालक करणार नाहीत. ते करणार तिथे राहणारं केअरटेकरचं जोडपं. म्हणून पहिल्याच भेटीत त्यांना शिकवा. "वहिनी, रोज संध्याकाळी त्याला भाकरी घालण्याआधी एवढ्या सहा जागा बघायच्या. कंगवा अडकला की ओढायचा नाही, मला फोटो पाठवायचा." सहा जागांचं चित्र काढून भिंतीला लावा. आणि मालकांशी बोलून त्या कामाचे थोडे पैसे वहिनींना वेगळे मिळतील असं बघा. फुकटचं काम दोन आठवडे होतं, तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं.

आता हिशेब

आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला.

एका पूर्ण ग्रूमिंगचा खर्च: पेट्रोल 70 रुपये. शांपू, कापूस, टॉवेल धुणं 80 रुपये. 18,000 रुपयांचं सामान 150 भेटी चालेल असं धरलं तर झीज 120 रुपये. झाले 270. वेळ अडीच तास कामाचा, एक तास प्रवासाचा. तासाला 200 रुपये मजुरी धरली तर 700. एकूण 970.

म्हणजे "शेजारचा 800 घेतो, मी 750 घेतो" म्हणणारा स्वतःच्या खिशातून 220 रुपये घालतो. 1,200 घेतले तर 230 उरतात. त्यात खराब ब्लेड, रद्द झालेली भेट आणि रिकामा आठवडा भरून काढायचा असतो.

कुत्रा जटांनी भरलेला असेल तर दोन तास जास्त जातात, म्हणजे 400 रुपये. ते वेगळे लावायचे आणि काम सुरू करण्याआधी सांगायचे. "मॅडम, जटा कातडीला धरल्यात. केस वाचवायला गेलो तर त्याला खूप त्रास होईल. आखूड कापतो, दीड-दोन महिन्यांत पुन्हा वाढतील. याचे चारशे रुपये वेगळे होतील, चालेल का?" नाही म्हणाल्या तर हसत सामान गुंडाळा.

आता रविवारची गोष्ट आठवा. पूर्ण ग्रूमिंगच्या मागे न लागता एक छोटी सेवा तयार करा: परतीच्या आधीची सफाई. रविवारी दुपारी, मुंबईला निघण्याआधी पाऊण तास. गोचीड आणि कुसळं तपासायची, पाय-पोट पूर्ण वाळवायचं, सहा जागा विंचरायच्या. एकाच वसाहतीत चार कुत्रे गाठले आणि प्रत्येकी 350 घेतले तर एका खेपेत 1,400. खर्च: पेट्रोल 70, साहित्य प्रत्येकी 40 प्रमाणे 160, झीज 30 प्रमाणे 120, आणि चार तासांची मजुरी 800. एकूण 1,150. उरले 250. म्हणजे एका मोठ्या कामाएवढंच उरतं, पण हे दर रविवारी येतं, कुत्र्याला दुखत नाही आणि जटांवरून मालकाशी वाद होत नाही. त्या चारांपैकी ज्याला पूर्ण ग्रूमिंग लागेल तो आपोआप तुमच्याकडेच येतो.

कागद आणि नकार

पहिल्या भेटीत हे तीन वाक्यांचं संमतीपत्र सही करून घ्या:

"माझ्या कुत्र्याच्या अंगावरील जटा मला दाखवल्या. त्या कापल्यावर केस अगदी आखूड होतील आणि खाली आधीपासून असलेली लाली किंवा जखम दिसू शकते, हे मला समजले. जखम आढळल्यास काम थांबवून डॉक्टरांना दाखवण्यास माझी संमती आहे."

सोबत लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो. रेबीजची लस नसलेला कुत्रा हातात घ्यायचा नाही, मालक कितीही मोठा असो. रोज कुत्रे हाताळणाऱ्याने स्वतःलाही रेबीजची आगाऊ लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि चावणाऱ्या कुत्र्याला शांत करायला झोपेची गोळी मालकाने दिली तरी ती घालायची नाही, तो निर्णय पशुवैद्याचा.

सरकारी बाजू सोपी आहे. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. सामानासाठी कर्ज लागलं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतची सोय आहे. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

गृहपाठ

1. एखाद्या ओळखीच्या शांत कुत्र्यावर फक्त ओळीओळीने विंचरायचा सराव करा. मशीनला हात लावायचा नाही. शेवटी स्टीलचा कंगवा सगळीकडून मोकळा गेला पाहिजे.
2. घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहा. वरच्या हिशेबात तो आकडा घालून तुमचा स्वतःचा दर काढा.
3. तुमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत, जिथे एका खेपेत तीन-चार कुत्रे मिळतील अशी एक वसाहत शोधा आणि तिथल्या केअरटेकरशी बोलून या.

हे तीन झाले की मगच क्लिपर विकत घ्या. पुढच्या भागात ब्लेडची निगा आणि धार लावणं बघू. तोवर कंगवा चालू ठेवा!